मालवणचं स्कूबा: थरार आला, शिस्त मागे राहिली

मालवणला जाऊन आलेल्यांच्या मोबाईलमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. पाण्याखाली, भोवती मासे, तोंडात नळी आणि अंगठा वर. गंमत म्हणजे डायव्हर लोकांच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, तर 'मला वर जायचंय'!

१९४३ च्या सुमारास फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन बनवलं. पुढे कितीतरी वर्षं हा मोजक्या धाडसी लोकांचा खेळ होता. त्यांनी आपल्या रीती घालून घेतल्या: जोडीदाराशिवाय उतरायचं नाही, आजार लपवायचे नाहीत, आणि कोणीही, कधीही, कारण न सांगता 'आज नको' म्हणू शकतो.

आज तारकर्लीत किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पोहता न येणारी माणसंही प्रशिक्षकाचा हात धरून प्रवाळ बघून येतात. मला हे आवडतं. समुद्र काही ठरावीक लोकांचा नाही, आणि इथल्या मुलांना त्यातून रोजगार मिळतो. पण खेळ सहलीच्या पॅकेजमध्ये बसवताना त्या रीती मात्र गळून पडल्या. आजारांचा फॉर्म किनाऱ्यावर घाईत, न वाचता सही करून दिला जातो. दम्याचा पंप बॅगेत असतो आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं असतं. पैसे भरलेत, सगळा ग्रुप तयार आहे, मग नको कसं म्हणायचं?

'आम्ही फार खोल जात नाही' हे बरेच जण सांगतात. इथेच गैरसमज आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा फरक याच पहिल्या टप्प्यात पडतो. सर्दीने नाक-कानामधली नळी बंद असेल तर कानाचा पडदा फाटू शकतो. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि अवघ्या दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. दम्यात हवा आत अडकून राहते, म्हणून तो प्रश्न फॉर्मवर असतो. पाण्यात बुडाल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, त्यामुळे हृदयावरही ताण येतो.

तेव्हा दमा, फिट येणं, हृदयविकार, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठणं, कानाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण यातलं काही असेल तर बुकिंगआधी घरीच डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर किल्ला बघा, सोलकढी प्या, स्कूबा पुढच्या वेळी. कान दुखायला लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकला. तरी दुखलं तर लगेच वर येण्याची खूण करा.

बोटीत लाईफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर ठेवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले होते. आणि चिपी किंवा मोपाहून विमान पकडायचं असेल तर एका डाईव्हनंतर किमान १२ तास जाऊ द्या. शक्य असेल तर स्कूबा सहलीच्या पहिल्याच दिवशी उरकून घ्या.