मोठी संख्या फक्त वाचायलाच शिकवायची का?



पाचवीच्या मुलासमोर १४२८५७ ही संख्या ठेवली की आपण काय विचारतो? अक्षरात लिही. ८ ची स्थानिक किंमत सांग. विस्तारित रूप मांड. मूल 'एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न' म्हणतं, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. माझ्या मते इथेच आपलं चुकतं. संख्या वाचता आली म्हणजे तिची ओळख झाली असं नाही.

याच संख्येला २ ने गुणायला सांगा. उत्तर २८५७१४. ३ ने गुणलं तर ४२८५७१. मग ४, ५ आणि ६ ने गुणा: ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने गोल फिरतात. आणि ७ ने? ९९९९९९!

माझ्या वर्गात गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी एक मुलगी आहे. ५ ने गुणताना तिचा हातचा राहिला, उत्तर आलं ७१४०८५. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, यात शून्य कुठून आलं? ते तर नव्हतंच!" आणि तिने स्वतःच चूक शोधली. लाल पेनाची गरजच पडली नाही.

आता 'असं का होतं?' हेही मुलांना शोधू द्या. १ ला ७ ने भागा आणि प्रत्येक बाकीवर शून्य घेत पुढे चला. बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. भागाकारात येतात १, ४, २, ८, ५, ७. बाकी १ परत आली की तेच चक्र पुन्हा सुरू. २ ला ७ ने भागलं तरी चक्र तेच, फक्त सुरुवात दुसऱ्या अंकापासून. ज्या 'बाकी'ला आपण कोपऱ्यात लिहून सोडून देतो, तीच इथे सगळं ठरवते.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. म्हणजे आपल्यातलेच!

पालक विचारतात, "हे परीक्षेत येतं का?" नाही येत. पण गुणाकार, हातचे, भागाकार, बाकी हे सगळं येतं, आणि या एका तासात मुलं त्याचा सराव कुरकुर न करता करतात.

म्हणून विनंती आहे, आठवड्यातला एक तास एकाच संख्येला द्या. पुढच्या वेळी १ ला १३ ने भागायला सांगा. बाकी बारा प्रकारची येऊ शकते, पण चक्र सहाच अंकांचं निघतं. का? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना शोधू द्या.