टायर घेताना आपणही बोलूया!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पोत बघतो, रंग जाईल का विचारतो. मग गाडीचे टायर घेताना गप्प का? मुलाला हौस वेगवान गाडीच्या टायरची, तर ‘ह्यां’चा प्रश्न एकच, ‘किती किलोमीटर चालतील?’ मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर घसरू शकतं.

बऱ्याच टायरांच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो, जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊ. ‘ट्रॅक्शन’चं अक्षर ओल्यातली पकड सांगतं, ‘एए’ सर्वांत चांगलं. आधी पकड बघा, मग त्यातला टिकाऊ निवडा. नक्षी १.६ मिलिमीटरवर येण्याआधीच टायर बदला. चार पैसे वाचवायला इतर जागा आहेत, गाडीत आपलीच लेकरं बसतात!