रेघ कोणत्या शब्दाखाली मारायची?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत तुम्हांला एक सल्ला हमखास मिळतो : "प्रश्न वाचताना महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा." सल्ला चांगलाच आहे. पण तो अर्धाच दिला जातो, आणि अर्धा सल्ला कधी कधी मुळीच नसल्यापेक्षा वाईट ठरतो, असे माझे मत आहे.

हे उदाहरण पाहा. सुलूने माथेरानच्या बाजारातून १२ चिक्क्या घेतल्या. त्या बंडूच्या चिक्क्यांपेक्षा ४ ने अधिक आहेत. तर बंडूजवळ किती? वर्गातील बरीच मुले 'अधिक' या शब्दाखाली रेघ मारतात आणि बेरीज करून १६ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे ८. रेघ योग्य शब्दाखालीच होती, पण रेघ मारल्यावर विचार थांबला. कोण कोणापेक्षा अधिक, हे कोणी पाहिलेच नाही. 'अधिक दिसले की बेरीज, उरले दिसले की वजाबाकी' हा विजेच्या बटणासारखा उपयोग झाला. शब्द हे बटण नव्हे, ती रस्त्यावरची पाटी आहे. पाटी दिशा दाखवते. चालावे आपल्यालाच लागते.

आता माथेरानलाच थोडे थांबू. नेरळहून डोंगर चढणारी, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्याविषयी हे विधान घ्या : 'पावसाळा असेल, तर नेरळ–माथेरान गाडी बंद असते.' त्यावरून पुढील दोन निष्कर्ष काढले, तर कोणता बरोबर?

(१) गाडी चालू आहे. म्हणून पावसाळा नाही.
(२) गाडी बंद आहे. म्हणून पावसाळा आहे.

पहिला बरोबर आहे. पावसाळा असता तर गाडी बंद असती. ती तर चालू आहे. दुसरा मात्र चूक आहे, आणि तो चूक असल्याचा पुरावा खुद्द या गाडीनेच दिला. २०१९ च्या पावसात लोहमार्गाची मोठी हानी झाली. नेरळपासून माथेरानपर्यंतची गाडी पुन्हा धावू लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात हिवाळे आले, उन्हाळे आले, गाडी बंदच होती. भूमितीत विधान खरे असले, तरी त्याचा व्यत्यास खरा असेलच असे नाही, हे तुम्ही शिकता. तेच हे.

आता त्याच विधानात एकच अक्षर घालू : 'पावसाळा असेल, तरच गाडी बंद असते.' बाणाची दिशा उलटली! हे विधान खरे मानले, तर दुसरा निष्कर्ष बरोबर ठरतो आणि पहिला सिद्ध होत नाही. पावसाळा, गाडी, नेरळ हे सारे मोठे शब्द जागच्या जागी आहेत. फरक केला तो 'च' ने. म्हणून माझे म्हणणे असे की, रेघ मारायची ती नामांखाली नव्हे, तर या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांखाली : सर्व, काही, एकही, फक्त, किमान, तर, तरच, सोडून, नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. 'सर्व पॉइंटांवरून सूर्यास्त दिसत नाही' असे वाक्य प्रश्नात घालू नये. एकाही पॉइंटावरून दिसत नाही, की काहींवरून दिसतो आणि काहींवरून नाही? माथेरान पाहिलेला मुलगा दुसरा अर्थ घेईल, कारण सूर्यास्तासाठी लोक पॉर्क्युपाइन पॉइंटावर जातात आणि सूर्योदयासाठी पॅनोरमा पॉइंटावर, हे त्याला ठाऊक असते. न पाहिलेला मुलगा कदाचित पहिला घेईल. दोघांच्या बुद्धीत फरक नाही; दोष वाक्याचा आहे.

कोणी म्हणेल, हा परीक्षेपुरता खेळ आहे. तसे नाही. माथेरानमध्ये 'वाहनांना बंदी आहे' असे आपण सहज म्हणतो. मग आगगाडी वर कशी जाते? घोडे आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा कशा चालत आल्या? खरे विधान असे, की इंजिनावर चालणाऱ्या मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी हे अपवाद. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, त्यामागे येथील जंगल राखण्याचा हेतू होता. पुढे विजेरीवरील ई-रिक्षांना परवानगी द्यावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ च्या डिसेंबरात त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. 'वाहन' या एका शब्दाचा अर्थ कुठवर ताणायचा आणि अपवाद कोणते मानायचे, यावर चढणीवर रिक्षा ओढणाऱ्या माणसाची छाती किती धापेल हे ठरत होते. नीट वाचणे ही केवळ गुणांची बाब नाही, ती अशी.

तेव्हा रेघ मारल्यावर तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हा शब्द काढला तर विधान बदलते का? विधान उलटे वाचले तर ते खरे राहते का? आणि निष्कर्ष खोटा पाडणारे एखादे उदाहरण मला सापडते का? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण विज्ञानाची वाटही तीच आहे.

सरावासाठी एक प्रश्न देतो. 'नेरळहून सुटलेली गाडी माथेरान स्थानकात येते. वनिता माथेरान स्थानकात गाडीतून उतरली. म्हणून ती नेरळहून आली.' हा निष्कर्ष बरोबर आहे काय? उत्तर देण्यापूर्वी दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकाचा विचार करा.