ढोल-ताशावादकांचे कान

गणेश विसर्जनानंतर कर्णनादाची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांत ढोल-ताशा पथकांतील वादकही असतात. त्यांना कर्णपूरणासाठी तेलाची बाटली देऊन निरोप द्यावा, ही रीत आम्हांस मान्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ११व्या अध्यायात, शब्दाचा अतियोग सांगताना मेघगर्जनेबरोबर पटहाचा, म्हणजे चर्मवाद्याचाही, उल्लेख आहे. हेतू इतका स्पष्ट असता निदानपरिवर्जन का सांगितले जात नाही?

अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. मग तेल कितीही सिद्ध असो. ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला ती निम्मी होते आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरते. पुण्यातील पथकांचा सराव मात्र उत्सवापूर्वी कित्येक आठवडे, सायंकाळी तासन्‌तास चालतो. त्यात ताशाचा नाद ढोलाहून तीक्ष्ण!

कापसाचा बोळा येथे फारसा उपयोगी नाही. फोमचे कर्णरोधक बारीक वळून कानात नीट बसवावे लागतात. औषधी दुकानदारांनी ते तेलाच्या शेजारीच मांडावेत, नफा अल्प असला तरी. नाद दुसऱ्या दिवशीही टिकल्यास श्रवणमापन करवावे. एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाल्यास रुग्णास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे धाडावे. आणि पडद्याला छिद्र नाही याची खात्री केल्याविना कोणाच्याही कानात तेल घालू नये.