भीड भिकेची बहीण

या खेपेला टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत पत्र दोनच पानांचं, बाकी सगळी नोटिशीची नक्कल. लिहिणाऱ्या भगिनी एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहेत. चार वर्षांपूर्वी दिरांनी दुकानासाठी एका पतसंस्थेतून पाच लाखांचं कर्ज काढलं. जामीनदार पगारदार हवा होता. "वहिनी, नुसती सही तर करायची आहे," असं दीर म्हणाले. सासूबाई समोरच बसल्या होत्या. यांनी सही केली. आता दुकान बंद आहे, दीर फोन उचलत नाहीत आणि पतसंस्थेची नोटीस मात्र वहिनींच्या नावे आली आहे.

त्या विचारतात, "मी त्यातला एक पैसाही वापरला नाही. मग मी का द्यायचं?"

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण कायद्याचं उत्तर तुमच्या बाजूचं नाही, हे आधीच सांगून टाकते. खोटा धीर देऊन काय उपयोग?

जामीनकीचा कायदा १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात आहे. आपण तो रोजच्या व्यवहारातून समजून घेऊ. तुम्ही वाण्याला म्हणालात, "शेजारच्या काकूंना सामान द्या आणि माझ्या खात्यावर लिहा," तर ते कर्ज सरळ तुमचंच. पण "त्यांना सामान द्या, त्यांनी पैसे दिले नाहीत तर मी देईन," असं म्हणालात की तुम्ही जामीन राहिलात. इथे माणसं तीन: पैसे देणारा, घेणारा आणि मध्ये उभा राहणारा जामीनदार. आणि बरं का, ही हमी तोंडीसुद्धा चालते. कलम १२६ मध्ये तसं स्पष्टच लिहिलंय.

आपला सगळ्यांचा समज असतो, की आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याचं सगळं विकून भागलं नाही तर मग आपल्याकडे येतील. हा समज चुकीचा आहे. कलम १२८ म्हणतं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच सांगितलं, की आधी कर्जदाराकडून वसुली करा आणि मगच जामीनदाराकडे जा, असं बंधन बँकेवर घालता येणार नाही. ज्याच्याकडून वसूल होणं सोपं, त्याचं दार आधी वाजतं. बंद दुकानापेक्षा दरमहा मिळणारा पगार सोपा, नाही का?

माझी भाची अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. या वर्षी तिला कायद्याचाही एक पेपर आहे. तिला ही हकिकत सांगितली तर म्हणाली, "मावशी, करारात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळावं लागतं, असं आम्ही शिकलो. त्या वहिनींना काय मिळालं?" पोरीनं नेमकं बोट ठेवलं. कलम १२७ चं उत्तर असं, की कर्जदाराला जे मिळालं तोच जामीनदाराच्या वचनाचा मोबदला. दिरांना पाच लाख मिळाले, तेवढं पुरेसं आहे. वहिनींच्या हाती काही पडायला हवं, असं कायदा म्हणत नाही.

मग भाचीनं तिच्या शास्त्रातली एक गोष्ट मला सांगितली. कर्ज देणाऱ्याला घेणारा कसा आहे हे ठाऊक नसतं, पण घरच्यांना ठाऊक असतं. म्हणून घरचं कुणी सही करायला तयार असेल, तर माणूस भरवशाचा असणार, असं संस्था धरून चालते. ऐकायला पटतं. पण मी तिला म्हटलं, "अगं, घरच्यांना ठाऊक असतं हे खरं, पण बोलता कुठे येतं?" दिरांनी आधीही दोन धंदे बुडवले होते, हे या ताईंनी पत्रात लिहिलंय. त्यांना माहीत होतं. सही झाली ती सासूबाई समोर बसल्या होत्या म्हणून.

आता ताई, तुमच्यासाठी. नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. महाराष्ट्रात सहकारी पतसंस्थेला दिवाणी दावा न लावताही १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. त्या चौकशीच्या तारखेला हजर राहा आणि म्हणणं लेखी द्या. त्याआधी चार गोष्टी एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या.

एक, कर्जाचा खातेउतारा मागा. किती भरलं, व्याज किती, दंड किती, हे ओळीनं पाहा.

दोन, तुमच्या सहीनंतर तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या का? तसं असेल तर बदलानंतरच्या व्यवहारापुरती तुमची सुटका होऊ शकते (कलम १३३). मात्र संस्था नुसती थांबून राहिली, दावा लावायला उशीर केला, एवढ्यानं सुटका होत नाही.

तीन, दुकानातला माल किंवा जागा तारण होती का? संस्थेनं ते तारण तुमच्या संमतीशिवाय सोडून दिलं असेल, तर त्याच्या किमतीइतकी तुमची जबाबदारी कमी होते (कलम १४१).

चार, दुसरा जामीनदार आहे का? असेल तर तुम्हा दोघांत भार सारखा वाटला जातो. तुम्ही सगळी रक्कम भरलीत, तर त्याचा वाटा त्याच्याकडून मागता येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. यातले काही हक्क आपण सोडत आहोत, असं छापील फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. म्हणून करारपत्राची प्रत आधी हाती घ्या.

आणि जे काही भराल त्याची पावती जपून ठेवा. भरलेली रक्कम दिरांकडून वसूल करण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो (कलम १४५). घरातल्या घरात दावा कोण लावणार, असं म्हणाल. नका लावू. पण उद्या वाटणीची बोलणी होतील, तेव्हा हातात कागद असलेला बरा.

आता एक भीती काढून टाकते. "आमचं सगळंच उचलून नेतील का?" असं अनेकजणी विचारतात. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीतून अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित असतात. पण बँकेतली ठेव आणि बाकीचे दागिने यांना ते संरक्षण नाही. नुसती पत्नी किंवा वहिनी आहे म्हणून कुणाचं कर्ज तुमच्या मिळकतीवर येत नाही. ते येतं तुमच्या सहीनं.

बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्यापुढेही एखाद्या दिवशी असा फॉर्म येईल. नणंदेच्या यजमानांचा, भावाचा, कदाचित ह्यांचाही. तेव्हा मनाशी एकच विचारा: ही रक्कम उद्या मलाच फेडावी लागली तर मी फेडीन का, आणि तरीही या माणसाशी धड बोलेन का? उत्तर हो असेल तर खुशाल सही करा. मात्र कोऱ्या कागदावर नको, रक्कम भरलेली पाहून करा आणि प्रत मागून घ्या. ते कर्ज तुमच्या सिबिलच्या नोंदीतही दिसतं, म्हणजे उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज हवं असेल तर अडचण येऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर नाही असेल तर गोड बोलून नाही म्हणा. "माझ्या नावावर आधीच घराचे हप्ते आहेत," हे खरं असेल तर तेच सांगा. जमत असेल तर झेपेल तेवढी रोख मदत करा. दिलेले वीस हजार परत आले नाहीत तर वीस हजारच जातात, पाच लाख जात नाहीत. थोडे दिवस घरात तोंडं फुगतील. फुगू द्या. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या. त्या शाळेत गेल्या नसतील, पण कलम १२८ त्यांना पुरतं कळलं होतं.

ताई, तारखेला काय झालं ते जरूर कळवा. पुढच्या अंकात भाड्याच्या घराच्या अनामत रकमेविषयी बोलू.