खासदाराच्या पेन्शनला महागाईचा निर्देशांक, कामगाराच्या पेन्शनला का नाही?

निवृत्त कामगार बंधू-भगिनींनो, आणि अजून नोकरीत असलेल्या तरुण मित्रांनो,

हे पत्रक साखर कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून, एसटीच्या डेपोंतून, सहकारी बँकांतून आणि एमआयडीसीतल्या लहानमोठ्या शेडमधून निवृत्त झालेल्या माणसांचे आहे. पीएफ ऑफिसच्या भाषेत आम्ही 'ईपीएस 95 पेन्शनर'. देशभरात आमची संख्या 75 लाखांच्या वर आहे. मुलांची लग्ने, म्हाताऱ्या आईवडिलांचे दवाखाने, गावाकडची पडझड झालेली घरे हे सारे उरकून आम्ही घरी बसलो, तेव्हा हातात पेन्शनचा कागद आला आणि त्यावर हजार, दीड हजार, दोन हजार असा आकडा होता. तो आकडा मरेपर्यंत बदलत नाही. आमचे म्हणणे इथूनच सुरू होते.

या पेन्शनचा जन्म कसा झाला ते आधी नीट समजून घ्या, कारण 'सरकार फुकट देतंय, त्यात आणखी काय मागता' असे आम्हाला आमच्याच गल्लीत ऐकावे लागते. 16 नोव्हेंबर 1995 रोजी ही योजना लागू झाली. त्याआधी मालकाचा पीएफचा हिस्सा जवळजवळ पूर्ण आमच्या खात्यात जमा होत असे आणि त्यावर व्याज चढत असे. नव्या योजनेने मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के आमच्या खात्यातून वळवून पेन्शन फंडात टाकायला सुरुवात केली. हे बंधनकारक होते, आम्हाला कुणी विचारले नाही. सरकारने स्वतःच्या खिशातून घातले 1.16 टक्के. तेही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा सुरुवातीला 5000 रुपये होती, 2001 मध्ये 6500 झाली आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15000. म्हणजे आज सरकार एका कामगारामागे महिन्याला जास्तीत जास्त 174 रुपये घालते, आणि आमच्या मजुरीतून वळवले जातात साडेबाराशे.

आता हिशेब पाहा. कागद-पेन घेऊन बसा, घरातल्या शिकलेल्या नातवाला जवळ बोलवा. 1995 च्या अखेरीस नोकरीला लागलेला आणि 2020 मध्ये 58 व्या वर्षी निवृत्त झालेला एक फिटर धरा. त्याचा पगार कायम मर्यादेएवढा किंवा जास्तच होता असे समजा. पेन्शनचे सूत्र सोपे आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. 2014 पर्यंतची वर्षे 6500 वर आणि पुढची 15000 वर मोजली जातात. वीस वर्षांच्या वर सेवा झाली म्हणून दोन वर्षे जादा धरतात. तरीही पेन्शन येते तीन हजारांच्या आसपास, फार तर साडेतीन हजारांच्या आत. आता तोच वळवलेला पैसा त्याच्या पीएफ खात्यातच राहिला असता आणि त्यावर दरवर्षी पीएफचे जाहीर झालेले व्याज चढले असते, तर निवृत्तीच्या दिवशी ती रक्कम पाच लाखांच्या घरात गेली असती. ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर महिन्याला तीन हजारांच्या वर व्याज येते आणि मुद्दल शाबूत राहते. आमच्या योजनेत पेन्शन साधारण तेवढीच आणि मुद्दल गेले. पूर्वी पेन्शन थोडी कमी घेऊन मृत्यूनंतर मुद्दल वारसांना परत मिळण्याची सोय तरी होती. 2008 मध्ये तीही बंद केली. कामगार गेल्यावर विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मे मिळतात. ज्या घरात दोन माणसांना तीन हजार पुरत नव्हते, त्या घरात एकट्या बाईने दीड हजारात कसे राहायचे हे ठरवणाऱ्यांपैकी एकाने तरी आपल्या आईला विचारावे.

या योजनेत नोकरीत असताना दगावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला संरक्षण आहे, अपंगत्वाची पेन्शन आहे, हे आम्ही मान्य करतो. ते हवेच. पण त्याची किंमत म्हणून तीस-पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाने औषधाची अर्धी पट्टी मागावी, हे आम्ही मान्य करणार नाही.

अर्धी पट्टी हा शब्द उगाच वापरलेला नाही. कोणत्याही गावातल्या औषधाच्या दुकानात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थोडा वेळ उभे राहा. रक्तदाबाची गोळी दहाऐवजी पाच मागणारा, साखरेची गोळी एक दिवसाआड घेणारा, 'उरलेल्या पुढच्या एक तारखेनंतर नेतो' म्हणणारा म्हातारा तुम्हाला दिसेल. दुकानदार ओळखीचा असतो, तो कात्रीने पट्टी कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव राहत नाही, मुदत राहत नाही. घरी गेल्यावर कोणती गोळी कशाची हे रंगावरून ओळखायचे. आणि वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यासाठी रांग. आयुष्यभर बॉयलरजवळ, लेथवर, मागावर काम केलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र अंगठा घेत नाही. तो पुसून, ओला करून, चोळून पुन्हा पुन्हा ठेवतो. मागचे लोक हळहळतात, काही कुरकुरतात. आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो म्हणतात, पण तो मोबाईल त्याच्याकडे नाही. ज्या कामाने अंगठा झिजला, त्या कामाची पेन्शन अंगठा झिजला म्हणून अडते, हे बघताना आमच्या जिवाला काय वाटते ते लिहायला शब्द नाहीत.

किमान पेन्शनची गोष्ट ऐका. 2013 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने अहवाल दिला. हेच कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. समितीने म्हटले, किमान पेन्शन 3000 रुपये करा आणि तिला महागाई भत्ता जोडा. 1 सप्टेंबर 2014 पासून मिळाले 1000. महागाई भत्ता नाहीच. मुदतपूर्व पेन्शन घेतलेल्या अनेकांच्या हातात तर ते हजारही पडत नाहीत. तेव्हापासून आजवर बाजारातल्या किमती दीडपटीहून अधिक वाढल्या. हजार रुपये म्हणजे दिवसाला 33. घरगुती गॅसचा एक सिलिंडर घेतला की महिना संपला.

आणि याच देशात दुसऱ्या पेन्शनी आहेत. माजी खासदाराची पेन्शन 25000 वरून 31000 झाली, अधिसूचना निघाली मार्च 2025 मध्ये आणि वाढ लागू झाली 1 एप्रिल 2023 पासून, म्हणजे मागील फरकासकट. 2018 मध्येच कायद्यात बदल करून ठरवले गेले होते की खासदारांचा पगार आणि पेन्शन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढेल. त्यांना मोर्चा काढावा लागत नाही, उपोषणाला बसावे लागत नाही. पाच वर्षांहून अधिक काळ सभागृहात बसले तर प्रत्येक जादा वर्षाचे महिन्याला 2500 वेगळे. एका जादा वर्षाचे अडीच हजार! आमच्या पंचवीस वर्षांच्या घामाची किंमत त्याच्या आसपास. महाराष्ट्रातल्या माजी आमदाराला महिन्याला किमान 50000. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2025 पासून आलेल्या नव्या योजनेत दहा वर्षे नोकरी केलेल्याला किमान 10000 आणि वर महागाईचा दिलासा. हे आम्हाला खुपत नाही. कर्मचाऱ्याला मिळाले, चांगले झाले. आम्ही विचारतो ते एवढेच की म्हातारपणी पोट भरायला माणसाला किमान 10000 लागतात हे जर सरकारच मानते, तर आमचे पोट त्याच्या दहाव्या हिश्श्यात कसे भरते?

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आम्हाला एकमेकांत झुंजवण्याचा डाव चालतो, त्याला बळी पडू नका. 'लाडक्या बहिणींना दीड हजार देतात, म्हणून तुम्हाला द्यायला पैसे नाहीत' असे कट्ट्यावर सांगितले जाते. त्या बहिणी आमच्याच सुना आणि लेकी आहेत. श्रावणबाळ योजनेतल्या निराधार म्हाताऱ्याला दीड हजार मिळतात, त्यात केंद्राचा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागचा वाटा आजही 200 रुपये आहे. गरिबाच्या ताटातली भाकरी मोजून श्रीमंताच्या कोठाराकडे पाठ फिरवायची, ही सवय आपल्याला कुणी लावली याचा विचार करा. पैसा कुठे गेला हे पाहायचे तर वर पाहावे लागेल.

वर काय झाले? 1985 मध्ये वारसा कर रद्द झाला. 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. 20 सप्टेंबर 2019 रोजी कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला आणि त्यामुळे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल बुडेल असे त्या वेळी सरकारनेच सांगितले. एका घोषणेत, एका दिवसात. 2014-15 पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी 14 लाख 56 हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली, त्यातली सात लाख कोटींच्या वर मोठ्या उद्योगांची आणि सेवा कंपन्यांची, ही माहिती सरकारने संसदेत दिलेली आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आमच्यातल्या कुणाचा सोसायटीचा हप्ता थकला तर दारावर नोटीस चिकटते, त्याची ताळेबंदात अशी समजूतदार सोय होत नाही.

याचा निकाल काय लागला? मार्च 2024 मध्ये जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अर्थतज्ज्ञांनी भारताचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. 2022-23 मध्ये देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के आणि संपत्तीतला 40.1 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा इंग्रजांच्या काळाहूनही जास्त आहे. आम्ही हे आकडे वाचून शिकलो नाही, डोळ्यांनी पाहिले. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात सहकारी कारखाने आजारी पडले, कवडीमोलाने विकले गेले. ज्या कामगारांनी ते उभे केले त्यांची थकीत पगाराची आणि ग्रॅच्युइटीची प्रकरणे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. गिरणगावात चिमण्या पाडून मॉल आणि मनोरे उभे राहिले. जमीन तीच, घाम आमचा, मालकी दुसऱ्याची. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांनो, तुम्हाला दुसऱ्याचे बघवत नाही. नाही बघवत, हे खरे आहे, आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही. एकीकडे कोट्यधीशांची यादी दरवर्षी लांबते आणि दुसरीकडे त्यांच्या कारखान्यांत आयुष्य काढलेला माणूस गोळीची पट्टी कापून घेतो. या दोन गोष्टी एकाच हिशेबवहीतल्या आहेत.

याला जोडून सवलतींचीही गोष्ट आहे. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना 40 आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. 20 मार्च 2020 ला ती थांबवली, साथ आहे म्हणून. साथ गेली, सवलत परत आली नाही. राज्याच्या एसटीत 75 च्या पुढे प्रवास मोफत आहे, याचे आम्ही स्वागतच करतो. पण अनेक निवृत्त कामगार त्या वयापर्यंत पोचत नाहीत. बॉयलरचा धूर आणि सूतगिरणीतला कापसाचा फुफाटा फुप्फुसात घेतलेल्यांचे आयुष्य लांब नसते.

सरकारचे उत्तर ठरलेले आहे: फंडात पैसा पुरणार नाही, विमागणिती तूट आहे. या फंडात सात लाख कोटींहून जास्त रक्कम साठलेली आहे आणि त्यातला मोठा भाग सरकारी रोख्यांत आहे, म्हणजे सरकार आमच्याच पैशातून कर्ज घेते. तरीही उद्याची तूट खरी आहे असे धरून चालू. ती भरून काढायचे मार्ग आहेत. सरकारने आपला 1.16 टक्के हिस्सा वाढवावा. पगाराची मर्यादा 2014 पासून 15000 वर गोठली आहे, ती उठवावी. अतिश्रीमंतांवर संपत्ती कर पुन्हा बसवावा, मोठ्या वारशावर कर लावावा. कंपनी कराच्या एका निर्णयाने एका वर्षात जेवढे सोडून दिले, त्याच्या निम्म्या रकमेतही 75 लाख पेन्शनरांना महिन्याला 7500 देता येतात. गुणाकार करून पाहा: वर्षाला 67 हजार 500 कोटी. त्यात आजची पेन्शन धरलेलीच आहे, म्हणजे सरकारला वाढीव भार त्याहून कमीच पडेल. तेव्हा पैसा नाही हे कारण आम्ही स्वीकारत नाही.

बुलढाण्यात डिसेंबर 2018 पासून पेन्शनरांचे साखळी उपोषण सुरू झाले. दिल्लीत धरणे झाली, मोर्चे झाले. सत्तर-पंचाहत्तरीची माणसे रेल्वेच्या साध्या डब्यातून पूर्ण भाड्याने गेली आणि आश्वासन घेऊन परतली. मागणी आजही तीच आहे आणि आम्ही तिच्या पाठीशी उभे आहोत: किमान पेन्शन 7500 रुपये, तिला महागाई भत्ता, पती-पत्नी दोघांना मोफत औषधोपचार.

नोकरीत असलेल्या तरुणांनो, ही म्हाताऱ्यांची कटकट आहे असे समजून पत्रक टाकून देऊ नका. तुमच्या पगारपत्रकावर तोच पीएफ कापला जातो, तेच साडेबाराशे वळवले जातात. 15000 च्या मर्यादेवर पस्तीस वर्षे भरली तरी आजच्या सूत्राने, दोन जादा वर्षे धरूनही, तुमची पेन्शन 8000 च्या वर जाणार नाही, आणि ती तुम्ही ऐंशी वर्षांचे व्हाल तेव्हाही तेवढीच असेल. तुमच्यातले जे कंत्राटी आहेत, ज्यांची पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षेही एका हिशेबात भरत नाहीत, त्यांना तेवढेही नाही.

प्रत्येक पेन्शनराने आपल्या पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स काढावी, ज्यावर महिन्याची पेन्शन छापली आहे. खाली आपले नाव, नोकरीची वर्षे आणि शेवटचा पगार लिहावा. ती आपल्या खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. त्यांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या पेन्शनला महागाई जोडली, आमच्या पेन्शनला जोडण्यासाठी तुम्ही संसदेत कधी उभे राहिलात? उत्तर लिहून मागावे, आणि मत मागायला येतील तेव्हा ते उत्तर हातात ठेवावे. जे चालू शकत नाहीत त्यांची झेरॉक्स शेजाऱ्याने न्यावी. विधवा भगिनींच्या घरी जाऊन त्यांचे कागद गोळा करावेत, कारण त्यांच्या दाराशी कुणीच जात नाही.

हे पत्रक वाचून झाल्यावर पुढच्या माणसाच्या हातात द्या.

– निवृत्त कामगारांच्या वतीने