बाटलीवरील शब्दांचे मोल

इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन हे रिकार्डोने १८१७ साली योजलेले उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. त्या वाइनच्या बाटलीवरील शब्द वाचण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. ‘विन्यु व्हेर्द’ म्हणजे शब्दशः हिरवी वाइन. पण ते एका प्रदेशाचे नाव असून ही वाइन तांबडीही असते. ‘किंता’ म्हणजे मळा, ‘कास्ता’ म्हणजे द्राक्षाची जात. आपल्या जातिसंस्थेस युरोपीयांनी दिलेले नाव याच शब्दावरून पडले. आपले ‘पीप’ही पोर्तुगीज ‘पिपा’चेच रूप होय.

परंतु सर्वांत मोलाचे शब्द ‘नियंत्रित मूळस्थान’ या अर्थाचे. भेसळीमुळे पोर्ट वाइनची पत घसरली, तेव्हा पोंबालने १७५६ साली कंपनी स्थापून दोरू खोऱ्याच्या सीमा आखण्यास आरंभ केला. ग्राहकास डोळ्यांनी न दिसणारा गुण कायद्याने शब्दात बांधला गेला. मात्र त्याच कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ साली पोर्तो शहरात दंगल उसळली आणि ती निर्दयपणे चिरडली गेली, हेही विसरता कामा नये.

नाशिकच्या वाइनलाही आता भौगोलिक मानांकन आहे. तथापि नुसत्या नावाने बागाईतदाराचे भले होत नाही. नावामागील नियम कोण ठरवितो, ते कोण तपासतो आणि वाढलेल्या किमतीतील किती वाटा द्राक्ष पिकविणाऱ्याच्या पदरी पडतो, हे प्रश्न आपण वेळीच विचारले पाहिजेत.